बुडालेल्यांचं बरं असतं

परवा माझ्या जावयाने मोठ्या कौतुकाने टीव्हीवर एक माहितीपट लावला. अटलांटिकच्या तळाशी बिस्मार्क नावाची जर्मन युद्धनौका पडली आहे आणि तिच्याभोवती कोणीतरी कॅमेरा फिरवतं आहे. मागे गंभीर संगीत. निवेदकाचा आवाज तर असा, की जणू गाभाऱ्यात उभं राहून बोलतोय. जावई म्हणाला, "बाबा, अमेझिंग ना?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "नऊ दिवसांची नोकरी, आणि ऐंशी वर्षांचं पेन्शन."

हे वाक्य माझं नाही, प्रभाकर सोवनींचं आहे. मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी पहाटे ते न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आपल्या घरी झोपेतच गेले. शोकसभेला आम्ही एकवीस जण होतो. वर्किंग डे होता, असं तरुण मंडळींनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. सोवनींना त्याचं काही वाटलं नसतं. शोकसभा हा प्रकारच त्यांना मान्य नव्हता. माणूस असताना जे फिरकले नाहीत ते गेल्यावर कशाला येतात, फोटो बघायला? असं ते नेहमी विचारत, आणि विचारताना बहुतेक वेळा कोणाच्या तरी शोकसभेतच बसलेले असत.

बेताची उंची, पुढे काढलेली मान, बारा महिने तेच तपकिरी कॉर्डुरॉयचं जाकीट. जाकिटाच्या खिशात एक छोटी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांड्याचा आरसा. बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत ते जन्मभर वेल्डिंग इन्स्पेक्टर होते. सांधा बघायचा, ठोकायचा, कान लावायचा आणि खडूने लिहायचं: पास किंवा फेल. तिसरा शेरा नाही. रिटायर झाल्यावर खडू गेला, शेरे राहिले. माझ्या घरामागचा नवा लाकडी डेक बघायला आम्ही चारपाच जोडप्यांना बोलावलं होतं. बाकीचे वा वा करत होते. सोवनींनी कठड्यावर बोटाचं पेर आपटलं, वाकून खालून टॉर्च मारली आणि चहाचा कप हातात यायच्या आत "फेल" म्हणून मोकळे झाले. मला इतका राग आला की त्यांच्या बशीत मी चिवडा कमी घातला. त्याच हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने कठडा वाकला. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या वेळी मात्र येताना ते ड्रिल आणि लांब स्क्रू घेऊनच आले.

"लेजंड" या शब्दाचं त्यांना विशेष वावडं होतं. एकदा आम्ही आयसेलिनला ओक ट्री रोडवर, म्हणजे आपल्या लोकांच्या बाजारात, गेलो असताना एका दुकानावर "लेजंडरी कचोरी" अशी पाटी दिसली. सोवनींनी आत जाऊन मालकाला विचारलं, दुकान किती वर्षांचं? तो बिचारा म्हणाला, सहा महिने झाले अंकल. सोवनींनी कचोरी खाल्ली, चांगली आहे असं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि जाता जाता पाटी तेवढी उतरवायला सांगून आले. मी बाहेर रस्त्यावर तोंड फिरवून उभा होतो.

पण त्यांच्या तुच्छतेचं खास राखीव कुरण म्हणजे बुडालेल्या प्रसिद्ध युद्धनौका. राग नव्हे, तुच्छता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. याचं मूळ मुंबईत होतं. अमेरिकेला येण्याआधी दोन वर्षं त्यांनी दारूखान्यात काढली होती, म्हणजे म्हाताऱ्या बोटी तोडायला जिथे आणत त्या बंदरात. तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं पाण्यात राबलेली बोट भरतीच्या वेळी स्वतःच्या इंजिनावर येते आणि चिखलात चढते, मग माणसं कटर घेऊन तिच्यावर चढतात, हे त्यांनी पंचविशीत पाहिलं होतं. तिचं नावसुद्धा कोणी विचारायचं नाही, किती टन निघेल एवढंच विचारायचे.

हे आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला ठाऊक नव्हतं. सोवनींना युद्धनौकांची माहिती आहे एवढं ऐकून त्यांनी एका वर्षी त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय दिला, "महायुद्धातल्या महान युद्धनौका". लोक पोराबाळांसह आले, बटाटेवडे मांडले गेले. सोवनी उभे राहिले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले की महान वगैरे शब्द मंडळाचा आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही. मग त्यांनी एकेकीला घेतलं. हूड. इंग्रजांनी वीस वर्षं जगभर मिरवली, आणि खरी वेळ आली तेव्हा काही मिनिटांत दारूगोळ्याचं कोठार उडून तळाला गेली. यामातो. जगातली सगळ्यात मोठी. युद्धाचा बराच काळ ती बंदरात इतकी आरामात पडून होती की दुसऱ्या बोटींवरचे खलाशी तिला हॉटेल म्हणत, आणि शेवटी निघाली ती विमानांच्या तोंडी. बिस्मार्क. एकच सफर, नऊ दिवसांची. त्यातही जे केलं ते एका सकाळी, बाकी सगळं पळणं.

शेवटच्या रांगेतून एका डॉक्टर गृहस्थांनी हात वर करून सांगितलं की बिस्मार्क शत्रूने बुडवलीच नाही, तिच्या खलाशांनी आतून पाणी घेऊन ती स्वतः बुडवली असं जर्मन लोक म्हणतात. सोवनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे काढून टाकलं नाही, राजीनामा दिला," ते म्हणाले. "नोकरी गेलीच ना?"

मग त्यांनी सांगितलं की त्या बोटींवर विशीतली पोरं होती आणि त्यांच्याबद्दल आपण एक शब्द बोलत नाही. आपण लोखंडाबद्दल बोलतोय, आणि लोखंडाच्या भक्तांबद्दल. बुडायला अक्कल लागत नाही, भोक लागतं. आणि मग त्यांनी वॉरस्पाइट नावाच्या बोटीची गोष्ट सांगितली. ही दोन्ही महायुद्धांत लढली. किती वेळा फुटली, किती वेळा शिवली, आणि दर वेळी परत कामावर गेली. युद्ध संपल्यावर भंगारात विकली. ओढून नेताना वादळात दोर तुटला आणि ती किनाऱ्यावरच्या खडकांत अडकली. मग तिथेच तिचे तुकडे करत बसले. "हिचं नाव आज इथे येण्याआधी किती जणांनी ऐकलं होतं? हात वर करा," असं त्यांनी विचारलं. हात एकही वर आला नाही. आभार मानणाऱ्या बाई "वेगळा दृष्टिकोन" एवढंच म्हणाल्या आणि सगळे वड्यांकडे गेले.

त्या व्याख्यानातून एकच चांगली गोष्ट झाली. आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या मुलांना घेऊन कॅम्डेनला जायचं ठरलं. तिथे न्यू जर्सी नावाचीच युद्धनौका नदीत बांधून ठेवली आहे, लोकांनी आत जाऊन बघण्यासाठी. शाळा चालवणाऱ्या सुलभाताई यादी घेऊन बसच्या दारात उभ्या होत्या आणि दर थांब्यावर तीनदा डोकी मोजत होत्या. बोटीवर सोवनी ठिकठिकाणी भिंती ठोकून कान लावत चालले होते, मुलंही त्यांच्यामागे ठोकत चालली होती. एका दहा वर्षांच्या मुलीने त्यांना विचारलं, ही कोणी बुडवली? नाही बुडाली, किती लढायांत गेली आणि परत आली, असं सोवनींनी सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "सो नथिंग हॅपन्ड टू इट?" ती म्हणाली.

सोवनींना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "नथिंग हॅपन्ड, बेटा," ते म्हणाले. "दॅट इज द होल जॉब."

आता मोहन बर्वेंबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगायचं म्हणजे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी भूल देणारा डॉक्टर होतो, आणि बरीच वर्षं मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादकही.

बर्वे माणूस वाईट नव्हता. देखणा, खर्जातला आवाज, झब्बा घातला की नाटकातला वाटायचा. जुलैत मंडळाचा अध्यक्ष झाला. पहिल्याच ईमेलमध्ये त्याने सुचवलं की रविवारची शाळा आता आउटडेटेड झाली आहे, ती बंद करून अ‍ॅप आणावं. शाळेत तो एकदाच गेला, फोटोपुरता. सप्टेंबरात गणपती आले. शाळेच्या मुलांनी आरती म्हटली, बर्वे भाषणाला उभा राहिला, आणि माईकने शिट्टी मारली. मंडळाचा साउंड तीस वर्षं सोवनीच बघत. त्यांचं टेबल स्टेजच्या कडेलाच होतं. बर्वेने माईकवर हात ठेवला, वाकला आणि म्हणाला, "सोवनी, ही शिट्टी बंद करा हो आधी." आणि कोसळला.

मी पहिल्या रांगेतून धावलो. सोवनींनी त्याचं डोकं धरलं, मी छाती दाबत राहिलो, ॲम्ब्युलन्स आली. या सगळ्या वेळात बर्वेने डोळे उघडले नाहीत की ओठ हलवले नाहीत. हे दोनच माणसांना ठाऊक होतं, कारण जवळ आम्ही दोघंच होतो.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नीलावहिनींनी, म्हणजे बर्वेच्या बायकोने, माझा हात धरून विचारलं, "जाताना काही म्हणाले का हो?" त्यांना शिट्टीचं सांगायचं? माझ्या डोक्यात मुलांची आरती होती, दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, "शाळा चालू ठेवा, असं म्हणाले." वहिनी रडल्या, पण ते रडणं निराळं होतं. मला वाटलं, चला, एक डोस बरोबर बसला.

वहिनींनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि मग दिवाळी अंकात ते न घेणं शक्यच नव्हतं. लेख मीच लिहिला. चांगला लिहिला, दुर्दैवाने. त्यानंतर जे झालं त्याला माझा इलाज नव्हता असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. बर्वे स्मृती व्याख्यानमाला सुरू झाली. "शाळा चालू ठेवा" हे वाक्य बॅनरवर आलं, टी-शर्टवर आलं, अखेर चहाच्या मगवर आलं. ज्या माणसाने शाळा बंद करायला सांगितली होती तो शाळेसाठी धारातीर्थी पडला. दर गणपतीला मला स्टेजवर बोलवत, ते क्षण सांगा म्हणत, आणि मी सांगे. सांगता सांगता मी त्यात बर्वेचा कापरा आवाजही घातला.

सोवनी यावर कधी बोलले नाहीत. तो पहिला अंक त्यांना दिला तेव्हा त्यांनी माझा लेख उभ्या उभ्या वाचला, अंक मिटून काखेत घातला आणि म्हणाले, "डॉक्टर, भूल चांगली देता तुम्ही." त्यानंतर दर वर्षी मी ते क्षण सांगत असताना ते साउंडच्या टेबलाशी बसून माझा आवाज कमीजास्त करत.

शाळा खरोखर ज्यांनी चालू ठेवली त्या सुलभाताई. अठ्ठावीस वर्षं. सुरुवातीला चर्चच्या तळघरात, मग एका शाळेच्या कॅफेटेरियात. त्या कंटाळवाण्या होत्या हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली आहेत आणि घरी येऊन बोअरिंग बोअरिंग म्हणून नाचली आहेत. गोष्ट रंगवून सांगणं त्यांना जमायचं नाही. "बाळ, काळा, कावळा" असं त्या एकेका मुलाकडून म्हणवून घेत, ळ नीट येईपर्यंत, आणि तो नीट यायला तीन-तीन वर्षं लागत. दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरी फोन करत, उद्या शाळा आहे म्हणून. आम्ही फोनकडे बघून "उचलू नको, सुलभाताई असतील" म्हणायचो. बर्फातून एका रविवारी दोनच मुलं आली होती. त्यांनी दोघांची हजेरी घेतली आणि दोन तास शिकवलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं, यजमान लवकर गेले होते. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ड्राइव्ह करणं सोडलं, तेव्हापासून दर रविवारी सोवनी त्यांना घ्यायला जात. एका रविवारी त्या गाडीत म्हणाल्या की आता ऐंशी झाली, शाळा दुसऱ्या कोणाकडे द्यावी म्हणते. आणि मग, खिडकीतून बाहेर बघत, "माझं नाव मागे राहील असं काही नाही हो, सोवनी. राहिलं असतं तर बरं वाटलं असतं." सोवनींनी कधी कोणाला शब्द दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. इन्स्पेक्टर लोक देत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दिला. मंडळाने नुकतीच स्वतःची जागा घेतली होती, शाळा तिथे हलणार होती आणि तिला नाव द्यायचं होतं. ते म्हणाले, "मी बघतो."

हे मला त्यांच्या पत्नीने, कुंदाताईंनी, नाव ठरवायच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. डॉक्टर, तुम्हीही जरा बोला, असं म्हणाल्या. मी हो म्हणालो.

मीटिंगला पंधरा-सोळा जण होते. नीलावहिनींना खास पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, तेव्हाच मी ओळखलं, नाव बर्वेचं लागणार. अध्यक्ष होती केतकी, पुण्याची, एका बँकेच्या आयटीत मोठ्या पदावर, हुशार मुलगी. सोवनी उभे राहिले. विशेषण एक नाही. अठ्ठावीस वर्षं. बर्फामुळे शाळा बंद, चार वेळा. सुलभाताई आजारी, एकदा. एवढं सांगून त्यांनी शाळेला सुलभाताईंचं नाव सुचवलं.

केतकी नम्रपणेच बोलली. "काका, सुलभामावशींबद्दल रिस्पेक्ट आहेच. पण एक स्टोरी लागते ना. बर्वेकाकांचं ते लास्ट सेंटेन्स घ्या, लोक लगेच कनेक्ट होतात. मावशींचं काय सांगणार यार? शी जस्ट केम एव्हरी संडे."

सोवनींनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून त्यांनी पाहिलं, की आपण बोलू का हे विचारायला, मला आजही ठाऊक नाही. एका वाक्याचं काम होतं. "बर्वे काही म्हणाला नाही, मी तिथे होतो," एवढं सोवनींनी म्हटलं असतं की चहाचे मग, टी-शर्ट आणि माझी अब्रू सगळंच तळाला गेलं असतं, आणि शाळेला सुलभाताईंचं नाव लागलं असतं. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो.

तेवढ्यात नीलावहिनी हळूच म्हणाल्या, "शेवटी त्यांना शाळाच आठवली. मी नाही आठवले. पहिली काही वर्षं मला त्याचा रागच होता. आता वाटतं, त्यांचं काहीतरी एवढं मोठं होतं हे तरी मला कळलं. तेवढ्यावर चाललंय माझं."

सोवनी अजून उभेच होते. त्यांनी वहिनींकडे बराच वेळ पाहिलं, मग टेबलावर बोटाचं पेर एकदा आपटलं आणि म्हणाले, "ठीक आहे. बर्वेंचं द्या." आणि खाली बसले. ठराव हात वर करून झाला. माझाही हात वर होता. सोवनींचा नव्हता.

पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं आणि मूर्खासारखे आभार मानले. त्यांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. "तुमच्यासाठी खाली बसलो नाही मी," ते म्हणाले. "एक वाक्य तुम्ही रचलंत, ते एका बाईला धीर द्यायला. तेवढं मला समजतं. पण दुसऱ्या बाईबद्दल अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला एक खरं वाक्य लिहिता आलं नाही, डॉक्टर. आणि संपादक होतात तुम्ही."

मी म्हणालो, लिहिणार काय? काही घडलंच नाही.

त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं ते सांध्याकडे बघत असणार, खडू काढण्याआधी. शेरा मात्र दिला नाही. कोणाला तरी सुलभाताईंना सांगावं लागेल, असं मी पुटपुटलो, तर म्हणाले की शब्द मी दिला होता, मीच सांगतो. त्यांनी सांगितलंही, पुढच्याच रविवारी, गाडीत. कुंदाताईंकडून कळलं की सुलभाताई, बरं झालं, नीलाला बरं वाटेल, एवढंच म्हणाल्या.

नव्या जागेत शाळेचं उद्घाटन ऑक्टोबरच्या एका रविवारी होतं. मला अकरा वाजता ते क्षण सांगायचे होते. मी लवकर पोहोचलो, दहालाच. हॉलच्या काचेच्या दारातून आत पाहिलं. केतकीची टीम अजून ट्रॅफिकमध्ये होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सोवनी शिडीवर उभे राहून "मोहन बर्वे मराठी शाळा" हा बॅनर बांधत होते, ब्याऐंशीव्या वर्षी, त्याच जाकिटात. खाली सुलभाताई दोन्ही हातांनी शिडी धरून उभ्या होत्या. त्या वर बघून काहीतरी म्हणाल्या, सोवनींनी डावीकडची दोरी सोडली, बॅनर थोडा वर घेतला आणि पुन्हा गाठ मारली. गाठ ओढून बघितली. मी आत जाऊन शिडी धरायला हवी होती. मी परत गाडीत जाऊन बसलो आणि सगळे आल्यावर सगळ्यांबरोबर आत गेलो.

अकरा वाजता मी बोललो. सवय झालेली असते, शब्द आपोआप येतात, आवाज हवा तिथे कापतो. नीलावहिनींनी डोळे पुसले. टाळ्या थांबल्यावर सुलभाताई पहिल्या रांगेतून उठल्या, मुलांकडे वळल्या आणि त्यांच्या त्या सरळ, कंटाळवाण्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत ना? काम असं करायचं असतं. बर्वेकाकांसारखं."

मुलं एका सुरात येस मॅम म्हणाली. मी मागे सोवनींकडे पाहिलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, सुलभाताईंकडेही नाही. भिंतीला टेकवलेली शिडी त्यांनी मिटली, आडवी करून खांद्यावर घेतली आणि कडेकडेने, कोणाला लागू नये म्हणून जपत, बाहेर निघाले. दोन्ही हात शिडीला होते आणि दार उघडायला कोणी उठलं नाही, म्हणून दारच पाठीने ढकलून ते बाहेर गेले.